जुनी कोपरी उलटी करून पाहू या : कार्यानुभवाचा एक पाठ



शिवणकाम म्हटलं की आपल्या शाळांत बटण लावणे, रुमालाला दुमड घालणे आणि फार तर कापडी पिशवी, इथे गाडी थांबते. नवीन काय शिकवावं म्हणून आपण मोबाईलवर व्हिडिओ शोधत बसतो. इकडे तानसा भागातल्या, शहापूर-मुरबाडच्या घरांत आजोबांची कोपरी, आजीची चोळी, बाळाची कुंची अजून ट्रंकेत असते. निदान बोहारणीच्या टोपलीत जाईपर्यंत तरी असते. एका भांड्याच्या बदल्यात ती गेली, की ती कशी बेतली होती हे सांगणारं गावात कुणी उरत नाही. हाताने चोळी शिवणाऱ्या बायका आता थोड्याच राहिल्यात, त्याही वयस्कर.

हा पाठ सहावी ते आठवीसाठी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या वर्गांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत, त्यात तो सहज बसतो. मुलगे आणि मुली दोघांनीही करायचा. गावातले बहुतेक शिंपी पुरुषच असतात, ही आठवण वर्गात करून दिली की मुलग्यांची कुरकुर थांबते.

सुरुवातीलाच एक सांगतो. "उद्या प्रत्येकाने घरून जुना कपडा आणा" असं म्हणू नका. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांच्या घरी जपून ठेवलेला कपडा नसतो. जो असतो तो अंगावर असतो. अशा मुलाला सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने उभं करायचं कशाला? आपणच चार-पाच कपडे मागून आणावेत, मालकाला विचारून, आणि न कापता परत करावेत. कापायला रद्दी वर्तमानपत्र आहेच.

कपडा हातात आला की पहिली गोष्ट, तो उलटा करा. नक्षी बाहेरून दिसते, पण शिवण आतून वाचावी लागते. कोपरीच्या किंवा पैरणीच्या खांद्याला ठिगळ दिसलं तर मुलांना विचारा, खांद्यालाच का? लाकडाची मोळी, भाताचे भारे, कावड हे वाहणाऱ्या घरातली मुलं उत्तर लगेच देतात. मग पुढचा प्रश्न : तुम्ही नवीन शिवलीत तर खांद्याला आधीच दुहेरी कापड लावाल का? इथून पोरं विचार करायला लागतात.

आता बगल बघा. जुन्या पैरणीत अंग आणि बाह्या सरळ चौकोनी तुकड्यांच्या असतात, कापड वाया जात नाही. पण सरळ बाही काटकोनात जोडली की हात वर करताना बगलेत ताण येतो आणि तिथेच फाटतं. म्हणून बगलेत एक छोटा चौकोन तिरका बसवलेला असतो. हात खाली असताना तो दुमडून राहतो, हात वर केला की उघडतो. शिवाय कापड तिरकस, म्हणजे उरेब, ओढलं की थोडं ताणतं, त्याचाही फायदा मिळतो. कागदाची बाही चौकोनाशिवाय एकदा आणि चौकोनासह एकदा चिकटवून मुलांना हात वर करायला सांगा. चौकोन नसलेली टर्रकन फाटते. भूमितीच्या तासाला कर्ण शिकवताना हीच बाही पुन्हा काढता येईल.

कुंची तर मला सगळ्यात आवडते. एक लांबट चौकोन मधोमध दुमडायचा. दुमड पाठीकडे येते, वरची कड शिवून टाकायची, पुढची बाजू उघडी. झाली टोपी, आणि खाली लोंबतो तो पाठ झाकणारा भाग. मानेच्या मागे चुण्या घातल्या की डोक्याला आकार येतो. कापलं काहीच नाही. पावसात घोंगडीची खोळ घेणाऱ्या गुराख्याचं तंत्र याच्या जवळचंच आहे, तिथे तर टाकाही नाही, नुसती घडी. वर्तमानपत्राची कुंची दहा मिनिटांत होते. पावसाळी टोपी किंवा दप्तराचं झाकण याच घडीतून काढून दाखवा असं सांगितलं तर आपल्याला सुचणार नाहीत अशा गोष्टी मुलं करतात.

खणाची चोळी मिळाली तर काठ कुठे आलाय ते पाहा. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा प्रसिद्ध. काठाकडचे दोरे सुटत नाहीत, म्हणून बाहीच्या कडेला काठ आणला की शोभाही येते आणि दुमडही वाचते. पुढे गाठ मारायची असल्यामुळे अंग थोडं भरलं किंवा उतरलं तरी चोळी चालते. बाराबंदीचंही तसंच, बटणाऐवजी बंद. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज धरणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदी घालतात, त्याची छायाचित्रं वर्गात दाखवता येतील. पुण्याला सहल जाणार असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने पोशाख बघायला अर्धा तास राखून ठेवा.

"वाढत्या अंगाचं शिवा" असं आपल्या आया शिंप्याला सांगायच्या. परकराच्या घेराला आतून टक घातलेली असे, मुलगी उंच झाली की ती उसवायची. शिवणीच्या आत जादा सोडलेल्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. हा शब्द मुलांना जरूर सांगा, ती हसतात आणि विसरत नाहीत. आजच्या तयार कपड्यांत ही माया जेमतेम असते. शाळेचा गणवेश उलटा करून पट्टीने मोजायला लावा आणि जुन्या परकराशी तुलना करा.

एक विनंती. या पाठाचं वेशभूषा स्पर्धेत रूपांतर करू नका. लुगडं-चोळी घालून फोटो काढले की पाहणं तिथेच संपतं.

शेवटच्या तासाला प्रत्येक गटाने पाहिलेली एकच गोष्ट निवडायची, बगलेचा चौकोन, कुंचीची घडी, बंद किंवा टक, आणि ती आपल्या रोजच्या वस्तूत वापरायची. कापड नसेल तर धुतलेली सिमेंटची गोणी चालते. जुन्या कपड्याचा कागदी बेत वेगळ्या पाकिटात ठेवावा. त्यावर मापं सेंटिमीटरमध्ये, कपड्याचं घरगुती नाव आणि तो साधारण किती जुना आहे हे लिहावं. पाकिटं शाळेच्या कपाटात, खालच्या नव्हे वरच्या फळीवर. खाली उंदीर असतात.