फळमाशीच्या सापळ्यात नरच का?

प्रश्न : आमच्या हापूसच्या बागेत फळमाशीसाठी रक्षक सापळे लावले आहेत. त्यात सापडतात ते सगळे नरच, असे कळले. ही संप्रेरकांची किमया म्हणायची का?
– एक बागायतदार, मुरूड-जंजिरा

उत्तर : संप्रेरके यात आहेत, पण ती सापळ्यात नसून माशीच्या अंगात आहेत. सापळ्यातल्या ठोकळ्याला लावलेले असते ते मिथाइल युजेनॉल. तुळशीतही ते असते. बिहारमधल्या पुसा इथे एकाने डास पळवायला रुमालावर सिट्रोनेला तेल शिंपडले, तर रुमालावर फळमाश्यांचीच झुंबड उडाली, आणि सगळे नर! कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ साली या ओढीबद्दल लिहिले आणि १९१५ मध्ये तिचे मूळ मिथाइल युजेनॉलमध्ये शोधले.

नर हे द्रव्य चाटतो, अंगात त्याचे रूपांतर करतो आणि पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीत साठवतो. तिन्हीसांजेला पानावर बसून पंख फडफडवत तो हा गंध हवेत सोडतो. असे द्रव्य खाल्लेल्या नराला माद्या अधिक पसंत करतात. नारळाच्या सोंड्या भुंग्याचे मात्र वेगळे. त्याच्या सापळ्यातला गंध सर्वांना जमवणारा, म्हणून तिथे नर-मादी दोघेही सापडतात.

आता संप्रेरकांकडे वळू. कोशातून नुकताच निघालेला नर ठोकळ्याकडे फिरकतही नाही. वयात यायला त्याला एक-दोन आठवडे लागतात. कीटकांच्या मेंदूलगतच्या ग्रंथींतून ज्युवेनाइल हार्मोन पाझरते. अळीला ते अळीच ठेवते आणि प्रौढपणी तेच प्रजननाच्या तयारीला लागते, हे मला फार विलक्षण वाटते. त्याच्यासारखे काम करणारे मेथोप्रीन दिले, की फळमाशीच्या काही जातींतले नर लवकर वयात येतात.

तुमच्या बागेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की एक नर अनेक माद्यांना पुरतो. थोडे नर मारून भागत नाही. शेजारच्या बागांनीही सापळे लावायला हवेत, आणि तेही फळे पक्व होण्याच्या आधीपासून. मीलन झालेली मादी सापळ्याला भुलत नाही, ती थेट सालीखाली अंडी घालते. याच माशीपायी युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयात थांबवली होती. म्हणून झाडाखाली पडलेले आंबे रोज वेचून खोल पुरा. त्यातल्या अळ्या मातीत कोशात गेल्या, तर पुढची पिढी तुमच्याच बागेतून उठेल.