ओई, आयई आणि शाडूची माती

प्रश्न : आमचा पेणला गणेशमूर्तींचा कारखाना आहे. फ्रंट लोड वॉशिंग मशीन मध्येच थांबून 'ओई' दाखवते. रोह्याला नणंदेकडे 'आयई' येते. मेकॅनिक बोलवावा का?

उत्तर : थोडं थांबा. तुम्ही लिहिलेले संकेत एलजीच्या मशीनचे आहेत. 'ओई' म्हणजे पाणी बाहेर जात नाही. तुमच्याकडे पहिला संशय कारखान्यातल्या कपड्यांवर. शाडू तळाशी बसतो, प्लास्टर तर पाण्यात घट्टच होतं, आणि दोन्ही पंपाच्या जाळीत अडकतात. प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या. खालची झडप उघडून बारीक नळीने पाणी परातीत काढा, मगच जाळी फिरवून धुवा. सांडपाण्याची नळी दुमडली नाही ना, तेही पाहा. यापुढे ते कपडे अंगणात झटकून, बादलीत खळबळूनच मशीनमध्ये टाका. हे मी आग्रहाने सांगते.

'आयई' म्हणजे पाणी आत येत नाही. सॅमसंगवर हेच '४ई' किंवा '४सी' दिसतं. पावसाळ्यात गढूळ पाण्याने नळीच्या तोंडची जाळी तुंबते. नळ बंद करून ती जुन्या टूथब्रशने घासा. टाकी बैठ्या घरावर असेल तर दाबही कमी पडतो, कारण १० मीटर उंचीला जेमतेम १ किलो दाब मिळतो. एवढं करूनही संकेत जात नसेल, तर मेकॅनिक बोलवा.