शाळा सुटल्यावरचा एक तास

साखर आपल्याच उसाची, तेव्हा हे आपणच सांगितलेले बरे. संध्याकाळी वस्तीवरची पोरं देवळापुढे जमवा. पेल्यात चमच्या-चमच्याने साखर घाला, मोजू द्या पोरांनाच. आठव्या चमच्याला थांबा. कोलाच्या ३०० मिलिलिटर बाटलीत जवळपास एवढी साखर असते! दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमीच वरच्या साखरेतून यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. लहान पोराचा बराचसा वाटा या एका बाटलीतच संपतो.

मग तासभर खो-खो. दोन खांब रोवले की झाले, खर्च कसला? खेळून आल्यावर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे द्या. आणि मुलींनाही पाठवा. तेवढा वेळ पाणी भरायला घरातला एखादा बाप्या गेला तर बिघडत नाही.