मिक्सर यंत्राची ओळख : आवाज आंत कसा घ्यावा व कसा आवरावा

ज्या खेड्यांतील मंडळ्यांकडे पूर्वीं एक हार्मोनियम, तबल्याची एक जोडी व झांजा इतकेंच साहित्य असे, त्यांपैकीं पुष्कळांकडे आतां माईक, भोंगे व मिक्सर आले आहेत. ज्यांकडे नाहींत त्या सणासुदीला भाड्यानें आणवितात. यंत्र आलें, पण तें चालविण्याचें शिक्षण त्याबरोबर आलें नाहीं. म्हणून असें घडतें कीं, मागें बसलेल्या ज्या म्हाताऱ्या बाईकरितां भोंगा लाविला, तिला गायनाचा गोंगाट पोहोंचतो, पण वाचलेला शब्द पोहोंचत नाहीं. पौलानें करिंथकरांस लिहितांना अस्पष्ट नादाच्या कर्ण्याचें उदाहरण घेतलें, तें आमच्या कित्येक सभांस अक्षरशः लागू पडतें.

हा पाठ लिहितांना कळमनुरी तालुक्यांतील वारंगा फाटा हें ठिकाण मीं डोळ्यांपुढें ठेविलें आहे. हिंगोलीहून नांदेडास जाणारा व हदगांव-उमरखेडाकडून येणारा असे दोन मोठे रस्ते तेथें मिळतात, आणि अवजड गाड्यांची घरघर तेथें नित्याचीच. अशा ठिकाणीं सभा भरविणाराला दोन मार्ग असतात: गाड्यांहून मोठ्यानें ओरडावें, किंवा आवाज स्वच्छ करावा. बहुतेक लोक पहिला मार्ग धरतात. दुसरा मार्ग स्वस्त आहे व कानांसही सुखाचा आहे. त्याच्यासाठीं मात्र यंत्र समजून घेतलें पाहिजे.

इसापूर धरणाचा कालवा त्या बाजूच्या शेतकऱ्यांस परिचयाचा आहे. एका मोठ्या प्रवाहांतून अनेक चाऱ्या निघतात व प्रत्येक चारीला दार असतें. मिक्सरचें काम याच्या उलट आहे असें समजावें: अनेक लहान चाऱ्या येऊन एका कालव्यांत मिळतात, व प्रत्येक चारीच्या तोंडाशीं दार आहे. आठ माईकांच्या मिक्सरवर साठ-सत्तर बटनें दिसतात, म्हणून प्रचारक बंधु घाबरतात. परंतु एक उभी ओळ म्हणजे एक चारी, आणि सर्व ओळी बहुधा सारख्याच असतात. एक ओळ शिकलां म्हणजे आठही शिकलां. वरून खालीं वाचीत यावें. आवाजही त्याच क्रमानें उतरतो.

सर्वांत वर, किंवा यंत्राच्या पाठीमागें, आंत येण्याचीं द्वारें असतात. तीं दोन जातींचीं आहेत, आणि हा भेद ज्यानें जाणला त्याचें अर्धें काम झालें. माईकांतून येणारी वीज अत्यंत क्षीण, एका व्होल्टाच्या हजाराव्या कांहीं हिश्शांइतकी असते. की-बोर्ड, मोबाईल किंवा दुसरें यंत्र यांची वीज तिच्या शेंकडों पट, म्हणजे साधारण एक-तृतीयांश व्होल्टापासून सव्वा व्होल्टापर्यंत असते. म्हणून माईकासाठीं तीन पिनांचें गोल द्वार आणि यंत्रासाठीं पाव इंच जाडीच्या लांब पिनेचें द्वार, अशी योजना आहे. पहिल्यास माईक व दुसऱ्यास लाईन म्हणतात. मोबाईल माईकाच्या द्वारांत घातला तर आवाज फाटतो; माईक लाईनच्या द्वारांत घातला तर कुजबुज ऐकूं येते. आणि अँप्लिफायरमधून भोंग्याकडे जाणारी वायर मिक्सरच्या कोणत्याही द्वारांत कधींही घालूं नये; ती वीज इतकी जोरदार असते कीं यंत्र जळण्याची भीति असते.

माईकाच्या पिना तीन कां, असें एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें होतें. एक पिन आवरणाची. उरलेल्या दोन तारांतून एकच आवाज जातो, पण एकींत सुलटा व दुसरींत उलटा. वाटेंत विजेच्या तारांची घरघर लागली तर ती दोहींस सारखीच लागते. मिक्सर एकींतून दुसरी वजा करितो, तेव्हां घरघर घरघरींतून वजा होऊन नाहींशी होते. आवाज मात्र उलटा-सुलटा असल्यामुळें दुप्पट होतो. म्हणूनच व्यासपीठापासून दूर ठेविलेल्या यंत्राकडे लांबच लांब वायर नेली तरी चालतें.

याच वजाबाकीचा एक विपरीत परिणामही आहे. मोबाईलच्या आवाजाचे डावा व उजवा असे दोन भाग असतात. ते दोन्ही एकाच पिनेनें एका द्वारांत घातले तर मिक्सर एकांतून दुसरा वजा करितो, व दोहींत सारखा असलेला गायकाचा कंठ लुप्त होऊन केवळ वाद्यें उरतात. ऐकणारास वाटतें कीं मोबाईल बिघडला. उपाय इतकाच कीं, एका टोकाला मोबाईलची पिन व दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पिना अशी वायर आणून त्या दोन निराळ्या द्वारांत घालाव्या.

फँटम म्हणून एक बटन असतें, त्यावर ४८ व्होल्ट असें लिहिलेलें असतें. कांहीं नाजूक माईकांस स्वतःची वीज नसते, त्यांना हें बटन वायरींतूनच वीज पुरवितें. आपल्याकडील हातांत धरावयाचे साधे माईक बहुधा ह्या जातीचे नसतात; त्यांना ही वीज नको. गरज नसेल तेव्हां तें बंद ठेवावें, आणि दाबण्यापूर्वीं आवाज पूर्ण खालीं करावा, नाहींतर भोंग्यांतून मोठा धडाका होतो. हार्मोनियमला अर्थातच विजेचें द्वार नाहीं. तिच्या सुरपट्टीच्या वर एक वीत अंतरावर, भात्याचा वारा लागणार नाहीं असा माईक ठेवावा.

आतां सर्वांत महत्त्वाच्या कळीकडे येऊं. तिला गेन म्हणतात, व ती ओळीच्या अगदीं माथ्यावर असते. विहिरीच्या तोंडावरचें हें दार होय: आलेला क्षीण आवाज किती वाढवून आंत घ्यावा हें ती ठरविते. पुष्कळ लोक हिला हातच लावीत नाहींत. सगळें काम तळाच्या सरकत्या फेडरवर करितात. गेन फार कमी असेल तर पुढें कितीही वाढविलें तरी आवाजाबरोबर सूं-सूं वाढते. गेन फार जास्त असेल तर आवाज आंत शिरतांनाच फाटतो, आणि फाटलेला आवाज फेडर खालीं केल्यानें शिवला जात नाहीं. तो हळू आवाजांतही फाटलेलाच राहतो.

गेन लावण्याची रीत अशी. त्या ओळीचा फेडर खालीं ठेवावा. पीएफएल नांवाचें बटन दाबावें, म्हणजे त्या एकट्या ओळीचा आवाज दिव्यांच्या मापावर दिसूं लागतो. मग गायकाला सभेंत म्हणावयाचें गीत पूर्ण गळ्यानें म्हणावयास सांगावें. "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" यानें कांहीं कळत नाहीं, कारण तसें हळू कोणी गात नाहीं. हिरवे दिवे सतत व पिवळा मधूनमधून लागावा. तांबडा मुळींच लागूं नये. मग पीएफएल सोडून फेडर शून्याच्या खुणेपर्यंत आणावा. ही खूण म्हणजे "वाढही नाहीं, घटही नाहीं". बहुतेक फेडर तिच्या आसपास राहिले तर समजावें कीं गेन नीट लागला आहे.

गेनच्या खालीं खर्ज, मध्य व तार यांच्या तीन कळा असतात. ज्यांनीं थोडेंसें गायन शिकलें आहे त्यांना हीं नांवें सांगावीं लागत नाहींत. कित्येक यंत्रांवर त्यांजवळ एक लहान बटनही असतें. तें ८० ते १०० हर्ट्झखालचा आवाज तोडून टाकितें. माणसाच्या बोलण्याला त्या तळाचा फारसा उपयोग नाहीं, पण ट्रकची घरघर, वाऱ्याचा घों-घों व माईकाच्या दांड्याला पाय लागल्याचा धप्प हा आवाज पुष्कळसा तेथेंच राहतो. वारंगा फाट्यासारख्या जागीं वाचकाच्या व गायकांच्या माईकावर हें बटन दाबलेलेंच असावें. शब्दांची स्पष्टता बहुतेक २००० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान असते. तेव्हां शब्द कळत नसेल तर प्रथम खर्ज कमी करावा. वाढविण्याआधीं कमी करून पाहावें, हा नियम तिन्ही कळांस लागू आहे.

त्याखालीं ऑक्सच्या कळा. ह्या मुख्य कालव्याहून वेगळ्या फुटलेल्या चाऱ्या आहेत. एका चारीनें गाणारांच्या समोरील भोंग्याला त्यांचाच आवाज देतां येतो. दुसरीनें एकोच्या यंत्राकडे पाठवितां येतो. पहिली चारी फेडरच्या वरून फुटलेली असावी, म्हणजे मुख्य आवाज कमी-जास्त केला तरी गाणाराला ऐकूं येणारा बदलत नाहीं. एकोची फेडरच्या खालून असावी. माझ्या मतें एकोइतकी दुरुपयोग झालेली दुसरी कळ नाहीं. गीताला थोडी चालेल. परंतु वाचन किंवा उपदेश सुरू होतांच ती पूर्ण बंद करावी. एक शब्द तिनदां ऐकूं आला तर तो एकदांही कळत नाहीं. पॅनच्या कळीविषयीं इतकेंच सांगतों कीं, ती मध्यावर असूं द्यावी.

माईकाच्या शिट्टीचें कारण समजलें म्हणजे तिचें भय राहत नाहीं. भोंग्यांतून निघालेला आवाज माईकांत शिरतो, पुन्हां वाढून भोंग्यांतून निघतो, पुन्हां शिरतो. या चक्राची ती शिट्टी. एका सभेंत मीं पाहिलें कीं, उंच वाचक बसला व ठेंगणा उठला, पण माईक कोणीं खालीं केला नाहीं. यंत्रावर बसलेला मुलगा बिचारा फेडर वाढवीत गेला, आणि अध्याय संपेपर्यंत शिट्टी चालली. तोंड व माईक यांतील अंतर दुप्पट झालें तर आवाजाचा जोर चौथाईवर येतो. म्हणून चार बोटांच्या अंतरावरून बोलणारा मनुष्य यंत्राला जितकी मदत करितो, तितकी कोणतीही कळ करीत नाहीं. भोंगे नेहमीं माईकांच्या पुढें, श्रोत्यांकडे तोंड करून असावे. माईकाची जाळी मुठींत धरूं नये. जो माईक वापरांत नाहीं त्याची ओळ बंद ठेवावी, कारण उघडा असलेला प्रत्येक माईक शिट्टीला एक जास्तीचें द्वार आहे.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. यंत्रांत घरघर येऊं लागली म्हणजे कांहीं कारागीर प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकितात. घरघर जाते, हें खरें. परंतु ती पिन जमिनीची आहे. यंत्रांत कांहीं बिघाड होऊन वीज त्याच्या अंगावर उतरली तर ती जमिनींत नेणारी वाट तीच. ती तोडल्यावर वीज माईकाच्या लोखंडांतून धरणाराच्या हातांत येऊं शकते, आणि पावसांत ओल्या मातीवर अनवाणी उभ्या असलेल्या मनुष्याला त्यानें मृत्यु येतो. असें यंत्र भाड्यानें आलें तर परत पाठवावें. घरघर घालविण्यासाठीं मिक्सर, अँप्लिफायर व की-बोर्ड यांस एकाच बोर्डावरून वीज द्यावी, आणि विजेच्या वायरी माईकांच्या वायरींपासून दूर ठेवाव्या.

कायद्याचेंही ज्ञान असावें. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें लेखी परवानगीवांचून भोंगा लावतां येत नाहीं, व रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्या जागीं तो बंद ठेवावा लागतो. इस्पितळ, शाळा व न्यायालय यांच्याभोंवतीं निदान १०० मीटरपर्यंतचें क्षेत्र शांततेचें म्हणून सरकारला जाहीर करितां येतें. सभेची वेळ ठरवितांनाच हें पाहावें; साडेनऊ वाजतां उपदेश सुरू करून मग शिपायाशीं वाद घालणें बरें नव्हे.

यंत्र सुरू करितांना प्रथम मिक्सर, शेवटीं अँप्लिफायर. बंद करितांना प्रथम अँप्लिफायर, मग मिक्सर. म्हणजे भोंग्याला धक्का बसत नाहीं. वायरी कोंपरावर पिळून गुंडाळूं नयेत, मोठ्या सैल वेटोळ्यांनीं गुंडाळाव्या. आणि जी वायर सभेंत खरखरली तिला तेथल्या तेथें दोऱ्याची गांठ मारून ठेवावी, म्हणजे पुढच्या सभेपूर्वीं ती दुरुस्तीला देतां येईल.