मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचे मुखारोग्य

काही वर्षांपूर्वी पैनगंगेकाठच्या एका खेड्यातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. "डॉक्टर साहेब, चार चार खेपा दात घासते, तरी तोंडाचा वास जात नाही," एवढीच तिची तक्रार होती. मुलगा वयाच्या मानाने खुजा व फिकट होता. मी जंताचे औषध आणि लोहाचे सिरप लिहून दिले. तीन महिन्यांनी तो सुजलेल्या चेहऱ्याने परत आला, तेव्हा क्रिएटिनिनची तपासणी केली. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती. पहिल्याच दिवशी जो वास माझ्यापर्यंत पोहोचला होता, तो अमोनियाचा होता, हे मला तेव्हा उमगले.

मूत्रपिंडांतून बाहेर न पडलेला युरिया रक्तातून लाळेत उतरतो. तोंडातील जीवाणू त्याचे अमोनियात विघटन करतात. परिणामी उग्र वास येतो, तोंडाला धातूसारखी चव राहते आणि अन्नावरची वासना उडते. वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत हे शेवटचे लक्षण सर्वांत महाग पडते. मात्र याच अमोनियामुळे लाळ अल्कधर्मी होते, म्हणून अशा मुलांचे दात पुष्कळदा इतरांपेक्षा कमी किडतात. दात किडलेले नाहीत एवढे पाहून आपण तोंड बंद करायला सांगतो, आणि फसतो. कीटण भराभर साठते, हिरड्या पांडुरक्यामुळे फिकट पडतात व त्यांची सूज लपून राहते. आजार लहानपणीच जडला असेल, तर इनॅमल अपुरे तयार होते आणि दात उशिरा येतात.

डायलिसिस सुरू झाल्यावर पाण्यावर बंधन येते. तोंड कोरडे पडते, तहान अनावर होते. थोड्या पाण्याने चूळ भरून टाकणे हा साधा उपाय आहे. त्या उपचारात हेपॅरिन दिले जाते, म्हणून दात काढायचा तो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नव्हे. दातदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नये. उरलेसुरले मूत्रपिंड त्याने जाते. पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित.

प्रत्यारोपणानंतर प्रश्न बदलतो. सायक्लोस्पोरिनने हिरड्या वाढतात, अपस्माराच्या मुलांत फेनिटॉइनने वाढतात तशाच. सोबत रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन असल्यास अधिकच. टॅक्रोलिमसने हे क्वचित होते. प्रतिकारशक्ती दडपलेली असल्याने जिभेवर कँडिडाचा पांढरा थर येतो, आणि दाताच्या मुळाशी दबलेला जंतुसंसर्ग जीवावर बेतू शकतो. म्हणूनच प्रत्यारोपणाआधी दंतवैद्याची तपासणी आवश्यक असते.

आपल्या जिल्ह्यात आरोग्यश्री योजनेमुळे डायलिसिस गरिबांच्या आवाक्यात आले, हे खरे. पण दंततपासणीचा विषय मूत्रपिंडाच्या रुग्णाशी कोण काढतो? दंतवैद्य डायलिसिसचे नाव ऐकून कचरतात. (दोष त्यांचा नव्हे, आपण त्यांना दोन ओळींची चिठ्ठीही देत नाही.) डायलिसिसचे वार, हेपॅरिन, चालू औषधे आणि फिस्टुला कोणत्या हातात आहे, एवढे लिहिले तरी पुरते. त्या हातावर रक्तदाब घेऊ नये. दुसरीकडे घरात वासावर उपाय म्हणून तंबाखूची मिस्री चोळली जाते. त्या मुलाच्या आईनेही तेच चालविले होते, आणि हिरड्यांतून रक्त येई.

पुढे आईचेच मूत्रपिंड मुलाला द्यायचे ठरले. हैदराबादला अंतिम तपासणीत दोन दाढांच्या मुळाशी पू आढळला, शस्त्रक्रिया दोन महिने पुढे गेली आणि तेवढे दिवस त्याला डायलिसिसवर काढावे लागले. वर्षभर तो माझ्या देखरेखीखाली होता. मी त्याची दाढ एकदाही आरशाने पाहिली नव्हती. आता तो महाविद्यालयात जातो. पुढच्या दातांवरचे खडबडीत पट्टे मात्र तसेच आहेत. हसताना तो अजूनही तोंडावर हात धरतो.