नसलेला पाय का दुखतो?



आमच्या आबांचा डावा पाय गुडघ्याखाली रबराचा आहे. मी जन्मायच्या आधी ट्रॅक्टरखाली सापडून त्यांचा पाय गेला. रात्री ते रबरी पाय काढून खाटेखाली ठेवतात. एका रात्री आबा कण्हत होते. मी विचारले, "आबा, काय झालं?"

"अंगठा लई ठणकतोय रं."

"कंचा अंगठा?"

"गेल्याला. पन कुनाला सांगू नगं. लोक म्हनतील, म्हातारा येडा झाला."

मी घाबरलो. मी फक्त आमच्या गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "तुझे आबा वेडे नाहीत." मग त्यांनी जी माहिती सांगितली ती मी लिहीत आहे.

रबरी पाय कसा झाला?

या पायाला जयपूर फूट म्हणतात. तो १९६८ साली राजस्थानात जयपूर येथे तयार झाला. डॉ. प्रमोद करण सेठी हे हाडांचे डॉक्टर होते आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर होते. पूर्वीचा नकली पाय ताठ असे. त्यावर बूट घालावा लागे. मांडी घालून किंवा उकिडवे बसता येत नसे. चिखलात चालता येत नसे. मग शेतकऱ्याने काय करायचे?

रबरात गंधक घालून तापवले की ते चिवट होते. ट्रकच्या टायरचे काम असेच चालते. तीच युक्ती पायासाठी वापरली. टाच व बोटे स्पंजच्या रबराची, घोट्याजवळ लाकूड आणि वरून कातडीच्या रंगाचे रबर. हे सर्व साच्यात घालून तापवतात. असा पाय वाकतो आणि पाण्यातही चालतो. आमचे आबा तो घालून उसाला पाणी देतात. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गेलेला पाय का ठणकतो?

अमेरिकेत डॉ. मिचेल यांनी लढाईत हातपाय गमावलेले पुष्कळ सैनिक तपासले होते. नसलेला हात आहे असे त्यांना वाटे. १८७१ साली डॉक्टरांनी त्याला 'भुताचा अवयव' अशा अर्थाचे नाव दिले. पण ते भूतबीत काही नसते.

आपल्या मेंदूत सर्व शरीराचा नकाशा असतो. गुरुजी म्हणाले, "धरणात गाव बुडाले तरी जुन्या नकाशात त्याचे नाव राहते ना? तसेच हे." पाय जातो, पण मेंदूतली पायाची जागा राहते. म्हणून पाय आहे असे वाटते, आणि दुखणेही खरेच असते.

तमिळनाडूत जन्मलेले डॉ. रामचंद्रन अमेरिकेत मेंदूचा अभ्यास करतात. त्यांनी १९९० नंतर एक साधा उपाय शोधला. तो म्हणजे आरसा! चांगला अवयव आरशात पाहून हलवायचा. मेंदूला वाटते, गेलेला अवयवच हलतो आहे. त्याने काहींचे दुखणे कमी होते, सर्वांचे होत नाही. एक रामचंद्र कारागीर आणि एक रामचंद्रन डॉक्टर, ही गंमत आहे ना?

करून पहा

टेबलावर आरसा उभा धरा. डावा हात आरशामागे लपवा. उजवा हात आरशासमोर ठेवून आरशात पहा आणि उजव्या हाताची बोटे हलवा. लपलेला हातच हलतोय असे वाटेल. आमच्या वर्गात सगळे ओरडले!

पाय करायला डॉक्टर आणि कारागीर दोघे लागले. दुखणे कळायला मेंदूचा अभ्यास लागला. एकट्या कुणाला हे सर्व जमले नसते.

मी हा लेख आधी आबांना वाचून दाखवला. आबा लई वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लाव भितीवर. आनी कुनाचं ठणकत आसंल तर त्याला बी कळंल." बाबा आता त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत.

म्हणून मित्रांनो, कोणी असे दुखणे सांगितले तर हसू नका.

— इयत्ता ४ थी