एक यंत्र आणि तीन भावंडें

गणित शिकविणाऱ्या शिक्षकास एक अडचण जन्मभर पुरते. ती अशी कीं, पन्नास मुलें एकाच खोलींत बसलेलीं असलीं तरी तीं एकाच ठिकाणीं नसतात. कोणी अपूर्णांकांत अडकलेलें असतें, कोणी त्यापलीकडे जाऊन कंटाळलेलें असतें, आणि फळ्यावरील उदाहरण मात्र सर्वांस एकच! संगणकानें ही अडचण दूर झाली असें हल्लीं पुष्कळ पालक मला सांगतात, व कांहीं जण त्याविषयीं माझें मत विचारतात. मत देण्यापूर्वीं अनुभव असावा, आणि तो मला सन २०२४ च्या मे महिन्यांत थोडासा मिळाला.

माझ्या धाकट्या बहिणीचीं तिन्ही मुलें शाळेंत जात नाहींत. तिचे यजमान रस्तेबांधणीच्या कामावर असल्यामुळें दर आठ-दहा महिन्यांनीं बिऱ्हाड हालतें. म्हणून तीच त्यांस घरीं शिकविते. थोरली चौदा वर्षांची, मधला दहांचा व धाकटी सातांची. शाळामास्तर ह्या नात्यानें मला ही व्यवस्था मनापासून कधींच रुचली नाहीं, हें आधींच सांगून टाकलेलें बरें. सुटींत मी त्यांच्याकडे चार आठवडे राहिलों, तेव्हां बहिणीनें लॅपटॉप पुढें ठेविला व म्हणाली, "दादा, ह्यावर खान अ‍ॅकॅडमीचा गणिताचा अभ्यासक्रम आहे. पैसे पडत नाहींत. तिघांनाहि लावून पाहावा म्हणतें. तूं जरा जवळ बसशील का?"

ह्या उपक्रमाचा उगमहि घरगुतीच आहे. सलमान खान नांवाचे अमेरिकन गृहस्थ बोस्टन येथें नोकरीस असतां, सन २००४ मध्यें त्यांनीं दूर न्यू ऑर्लिन्स येथील आपल्या नात्यांतील एका मुलीस फोनवरून परिमाणें बदलण्याचीं उदाहरणें समजावून दिलीं. पाहतां पाहतां इतर नातलगांचीं मुलेंहि आलीं. सन २००६ पासून ते धड्यांचीं चलच्चित्रें यूट्यूबवर ठेवूं लागले, व सन २००८ मध्यें ना-नफा तत्त्वावर संस्था स्थापन झाली. एक पायरी पक्की झाल्यावांचून पुढची देऊं नये, हें तिचें मुख्य सूत्र. तें शिकागोचे प्राध्यापक बेंजामिन ब्लूम ह्यांनीं सन १९६८ मध्यें विस्तारानें मांडलें होतें. मुलानें लहानसें चित्र पाहावें, मग चार-सात प्रश्न सोडवावे. उत्तर बरोबर कीं चूक तें तत्काळ कळतें. अडल्यास 'सूचना' एकामागून एक मागतां येतात. प्रत्येकाचें खातें निराळें, इयत्ता निराळी. यंत्र मात्र घरांत एकच होतें, म्हणून आम्हीं प्रत्येकास अर्धा तास ठरवून दिला.

धाकटीचा प्रकार मला अगदीं अनपेक्षित होता. संगणकावर 'सिक्स्टी थ्री' ऐकून ती ६३ बिनचूक लिही. पण आईनें 'त्रेसष्ट' म्हटलें कीं ३६! आम्हीं प्रथम तिलाच धांदरट ठरविलें. वस्तुतः तिचा कान खरा होता. 'त्रेसष्ट' म्हणतांना तीन आधीं ऐकूं येतात व साठ मागून. लिहितांना मात्र सहा आधीं. (जर्मन भाषेंतहि 'तीन आणि साठ' असेंच म्हणतात.) 'एकोणऐंशी' सांगितलें तर ती ८१ लिही, कारण तिनें एक ऐकला व ऐंशी ऐकले, 'उणा' हा शब्द त्यांत दडला आहे हें तिला कोणी सांगितलेंच नव्हतें. सन २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत 'साठ तीन' असेंहि संख्यावाचन आलें, तेव्हां केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर ह्यांनीं मुलांची हीच अडचण पुढें केली होती. त्या वेळीं शिक्षकांच्या खोलींत बसून मीहि हंसलों होतों.

मधल्यानें दोन दिवसांतच अपूर्णांकांच्या बेरजेवर प्रभुत्व मिळविल्याचें पडद्यावर दिसूं लागलें. बहीण हरखली. चार दिवसांनीं मीं त्यास कागदावर एक अधिक एक उदाहरण घातलें, तों त्यानें १/२ + १/३ = २/५ असें लिहून दिलें. जवळ बसून पाहिल्यावर उलगडा झाला. आरंभीं तो उत्तर दिसेपर्यंत सूचना मागत जाई. तसलें उत्तर यंत्र बरोबर धरीत नाहीं हें खरें, पण त्या सूचनांवरून खालचे आंकडे कसे गुणावे व वरचे कसे बदलावे ह्याचा साचा त्यास पाठ होई, व पुढचे प्रश्न त्या साच्यांत बसत. साचा विसरला, विद्या संपली.

तो बाजारांत नेहमीं जातो. मीं विचारलें, "अर्धा किलो साखर आणि पाव किलो साखर मिळून किती?"

"पाऊण किलो, मामा." क्षणाचाहि विलंब नाहीं.

"आतां तुझ्या रीतीनें लिही." त्यानें १/२ + १/४ = २/६ असें लिहिलें, त्याचें १/३ केलें, आणि कागदाकडे पाहतच राहिला. "म्हणजे वाण्यानें अर्ध्या किलोहूनहि कमी दिली!" असें म्हणून तोच हंसूं लागला. मग अर्ध्याचे दोन पाव होतात, सारखे तुकडे केल्यावांचून मोजतां येत नाहींत, हें त्यानें माझ्या आधीं सांगितलें. आणि अर्ध्याचे तीन षष्ठांश, तिसऱ्या हिश्शाचे दोन षष्ठांश, मिळून ५/६ हें त्यास भाकरीच्या तुकड्यांवरून उमगलें. पावकी, निमकी, पाऊणकी घोकणाऱ्या आपल्या आजोबांस हा गोंधळ बहुधा झाला नसता.

आतां थोरलीविषयीं. पुढील वर्षीं तिनें राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा द्यावी, असा बेत होता. आठवीच्या एकंदर अभ्यासक्रमाची तीस प्रश्नांची कसोटी तिनें दिली, त्यांत नऊ उत्तरें बरोबर आलीं. "बीजगणित कच्चें," असें बहीण म्हणाली. मीं तिची कच्च्या कामाची वही मागितली. ०.४क = ६ ह्या समीकरणांत तिनें ६ भागिले ०.४ असें अचूक मांडलें होतें आणि उत्तर मात्र १.५ काढलें होतें. पुढें तीन ठिकाणीं हेंच. बीजगणिताचा कांहीं दोष नव्हता. दशांशाचा भागाकार तिला येत नव्हता. यंत्रानें 'चूक' म्हटलें होतें व रीतहि दाखविली होती. चूक कोठें जन्मली तें वहींत होतें. बहिणीस आठवलें कीं, तो धडा यावयाचा त्याच वर्षीं दोनदां बिऱ्हाड हाललें होतें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

मीं तिचें खातें पांचवीच्या धड्यांवर नेलें. पडद्यावर इयत्ता मोठ्या अक्षरांत येते. मधल्यानें ती मोठ्यानें वाचली, "ताईला पांचवीचें गणित!" तिनें झांकण मिटलें, व दोन दिवस ती त्या मेजाकडे फिरकली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनेंच येऊन विचारलें, "मामा, रात्रीं नऊनंतर मी एकटी बसले तर चालेल का?" दोन आठवडे ती तशी बसली. दशांश झाले, गुणोत्तरें सुरू झालीं.

येथें मला माझ्या वर्गाचा विचार सुचल्यावांचून राहिला नाहीं. ही मुलगी माझ्याकडे असती तर मीं तिला नववीचीं समीकरणें दिलीं असतीं, व ती तींच चुकत राहिली असती. 'असर' ह्या पाहणींत सन २०२२ मध्यें ग्रामीण भारतांतील आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांस तीन अंकी संख्येस एका अंकानें भागतां आलें. ह्या मुलांनीं पांचवीचें पान पुन्हां उघडावें तरी कोणासमोर? यंत्रास लाज वाटवितां येत नाहीं, हा त्याचा फार मोठा गुण आहे. भाऊ शेजारीं नसावा एवढेंच.

मे महिना असल्यानें वीज वरचेवर जाई. तशा वेळीं थोरली आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून धाकटीस शिकवी: सहा जुडगे डावीकडे, तीन सुट्या काड्या उजवीकडे, म्हणा त्रेसष्ट. पाद्री अँड्र्यू बेल ह्यांनीं मद्रासच्या अनाथगृहांत मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची पद्धति चालविली व सन १७९७ मध्यें लंडनांत तिच्यावर पुस्तक छापलें. आमच्या ह्या मुलीस तें नांवहि ठाऊक नाहीं. धाकटीचे आंकडे आठवड्यांत सुधारले. त्याहून मला विशेष वाटलें तें हें कीं, शिकवितांना थोरली पुन्हां मोकळेपणानें बोलूं लागली.

बहिणीनें यंत्र चालू ठेविलें आहे. मात्र आठवड्यांतून दोन दिवस तें बंद असतें, व त्या दिवशीं ती तिघांच्या वह्या पाहते. सूचना घेतली तर ती स्वतःच्या शब्दांत वहींत उतरावी, असा मधल्यास नियम घातला आहे. तो त्यास मुळींच आवडत नाहीं. परीक्षा एक वर्ष पुढें ढकलली. थोरलीचा दिवाळींत फोन आला, तेव्हां ती सातवीचा अभ्यासक्रम संपवीत होती. तिला माझ्याकडून शेंकडेवारीचीं दहा उदाहरणें हवीं होतीं. तीं कागदावर लिहून टपालानें पाठवा, असें तिनें दोनदां बजाविलें.